पमी

मठात आरतीची घंटा झाली
की बाया खेळायला लागतात.
खेळणंच म्हणतात त्याला तिथं.
केस सुटतात, फरशीवर बांगड्या वाजतात,
एरवी सासऱ्यासमोर खाटेवर न बसणाऱ्या
महंताला तोंडावर अरे-तुरे करतात.
कोणी वाईट मानत नाही.

माझी जाऊ देवका पहिले एकवीस दिवस
खांबाला टेकून नुसती बसली.
घरी बसायची तशीच, तुरीच्या ढिगाजवळ,
हातात एक शेंग. दुपार उलटून जायची
आणि ती शेंग तशीच.
पोरगा "माय, माय" करत
शेवटी माझ्याकडे यायचा.
सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं हाय.
दीर म्हणाला, नाटकं हायेत.
मी काही म्हणाले नाही.
तिच्या वाटणीच्या पोळ्या माझ्याकडे आल्या होत्या,
मला तिचा रागच यायचा, खरं सांगायचं तर.

बाविसाव्या दिवशी ती घुमली.
"कोन हायेस तू? नाव सांग, गाव सांग,
काय घेऊन जातं ते सांग."
"मी पमी हाय."
बस. गाव नाही, मागणं नाही.

मग पमीचा शोध सुरू झाला.
कोणत्या विहिरीतली, कोणत्या बाळंतपणातली,
कोणाची पहिली बायको.
पाण्याच्या टाकीखाली बसून म्हाताऱ्यांनी
चाळीस वर्षांच्या मयती मोजल्या.
एक प्रमिला सापडली, पण ती अकोल्यात जिवंत निघाली
आणि फोनवर फार चिडली.
तरी सासूबाईंनी नाल्यापलीकडे
एक लुगडं आणि हिरव्या बांगड्या ठेवून दिल्या.
सकाळी लुगडं गेलेलं होतं. बांगड्या तिथंच.

तालुक्याच्या दवाखान्यात
दर दुसऱ्या-चौथ्या मंगळवारी डोक्याची डॉक्टरीण येते.
खोली नंबर अकरा. शेजारी एक्स-रेची रांग,
तिकडं तोंड करून उभं राहिलं की कोणाला कळत नाही.
हे आम्हाला आशाताईनं शिकवलं.
झोप? भूक? रडू येतं? मरून जावंसं वाटतं?
देवका सगळ्याला हो म्हणाली,
रेशन दुकानात म्हणावं तसं.
"कधीपासून?"
"लग्नापासून." मग जरा थांबून,
"नाही, मधात बरं होतं."
रात्री एक गोळी. पंधरा दिवस काही वाटणार नाही,
तरी सोडू नका.
देवाचं बंद करू का, मी विचारलं.
तिनं पेन खाली ठेवला.
"तिथं झोप लागते हिला?"
लागते. तिथं कोणी उठवत नाही.
"मग राहू द्या. गोळी पण राहू द्या."
आमच्या मागं अजून साठ बाया होत्या.

केसपेपरवर मीच सांगितलं होतं: देवका, वय एकतीस.

दिवाळीनंतर तिची आई आली एसटीनं,
आणि मठाच्या दारात चपला काढता काढता
तिनं हाक मारली,
"पमे! अवं पमे, किती वाळली वं तू!"

आरती चालूच राहिली.
सासूबाईंच्या हातातला विडा हातातच राहिला.
पत्रिकेत छापलेलं होतं की ते नाव,
मी वाचलं होतं, हळदीच्या बोटाचा डागही आठवतो.
मग ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं लिहिलं
आणि त्या तांदळाचा भात झाला असेल,
जेवले असेन मीही.

परतताना गाडीत कोणी त्यावर बोललं नाही.
दीर खिडकीतून कपाशी बघत होता.

आता ती घरी आहे. बरी झाली असं नाही म्हणता येत.
देवाच्या तीर्थासोबत गोळी गिळते,
कधी एखादा दिवस आख्खा जातो खांबाशी,
कधी ढिगातल्या अर्ध्या शेंगा होतात.
परवा घरात कोणी नव्हतं, म्हणून मी म्हणून पाहिलं,
"पमी."
तिनं वर पाहिलं.
"तुह्यं काय होतं वं?"

मी शेंग फोडली.
पाच दाणे निघाले, एक किडका.
मग आठवलं.